घट्ट झालेला एपॉक्सी गोंद

घरांतील मोडक्या वस्तु सांधण्याकरितां आज जीं साधनें सर्रास वापरलीं जातात, त्यांत एपॉक्सी जातीच्या गोंदाला मोठें स्थान आहे. दोन नळ्यांतून येणारा अॅराल्डाइट आणि कणकेप्रमाणें मळून लावावयाचा एम्-सील हीं त्याचीं आपल्याकडे घरोघर माहीत असलेलीं दोन रूपें होत. फुलदाणीची तुटलेली कड, पाण्याच्या टांकीची गळती, देवघराच्या चौकटीची निखळलेली पट्टी, अशीं अनेक कामें या गोंदानें घरच्या घरीं होतात. परंतु वस्तु जोडतांना त्याचा जो गुण उपकारक ठरतो, तोच गुण गोंद नको त्या ठिकाणीं सांडला म्हणजे अडचणीचा होतो. ओट्यावर पडलेला थेंब, नळाच्या चकचकीत तोटीवर उमटलेला बोटाचा ठसा, कांचेवर आलेला ओघळ दुसऱ्या दिवशीं दगडासारखा झालेला आढळतो. आणि मग घरांत जें जें तीव्र म्हणून सांपडेल तें तें त्यावर ओतण्याचा उद्योग सुरू होतो. गोंद बहुधा जागचा हालत नाहीं. ओट्याची झिलई मात्र जाते, आणि प्रसंगीं माणसाच्या हाताला, डोळ्याला किंवा श्वासाला इजा होते. म्हणून हा गोंद मुळांत आहे तरी काय, तो कशाला दाद देतो आणि कशाला देत नाहीं, हें आधीं समजून घेणें इष्ट आहे.

या पदार्थाचा जन्म दंतवैद्यकाच्या निमित्तानें झाला. प्येर कास्तां या स्विस रसायनशास्त्रज्ञाला कृत्रिम दांतांच्या कामीं उपयोगी पडेल असा पदार्थ हवा होता. तोंडांत राहावयाचें म्हणजे गरम आणि गार, आंबट आणि खारट या सर्वांना तोंड देणें आलें. त्याच्या प्रयत्नांतून एपॉक्सी राळ निघाली आणि १९३८ सालीं तिच्या पेटंटासाठीं अर्ज करण्यांत आला. दंतवैद्यकांत तिचा फारसा जम बसला नाहीं; परंतु धातूला घट्ट चिकटण्याचा तिचा गुण ओळखून बाझल येथील सिबा कंपनीनें तिचे हक्क घेतले, आणि १९४६ मध्यें अॅराल्डाइट या नांवानें हा गोंद बाजारांत आला. ज्या पदार्थाचा विचारच मुळीं कशानेंहि खराब होऊं नये या दृष्टीनें झाला, तो लिंबाच्या रसानें किंवा रॉकेलच्या बोळ्यानें निघून यावा ही अपेक्षा व्यर्थ होय.

या चिवटपणाचें कारण त्याच्या घट्ट होण्याच्या रीतींत आहे. लांकडाचा पांढरा गोंद घट्ट होतो तो त्यांतील पाणी उडून गेल्यामुळें. लाख घट्ट होते ती थंड झाल्यामुळें. या दोन्ही ठिकाणीं मूळ पदार्थ तोच राहतो. म्हणून पांढरा गोंद कोमट पाण्यांत पुन्हां मऊ पडतो आणि लाख विस्तवाजवळ धरली असतां पुन्हां पातळ होते. एपॉक्सीचें तसें नाहीं. त्याच्या एका नळींत राळ असते आणि दुसरींत तिला घट्ट करणारें द्रव्य. हीं दोन्ही एकत्र मिसळलीं म्हणजे त्यांच्यामध्यें रासायनिक क्रिया सुरू होते. मिश्रण स्वतःच गरम होतें तें याच क्रियेमुळें. राळेचे सुटे रेणू एकमेकांना दोहोंबाजूंनीं बांधले जाऊन त्यांचें एक अखंड जाळें तयार होतें. विरजलेल्या दुधाचें दही झालें म्हणजे त्याचें पुन्हां दूध होत नाहीं. कच्ची वीट पाण्यांत टाकली तर तिचा चिखल होतो. भाजलेली वीट कितीहि भिजली तरी वीटच राहते. घट्ट झालेला एपॉक्सी हा भाजलेल्या विटेच्या जातीचा आहे. तो विरघळत नाहीं आणि तापविल्यानें वितळतहि नाहीं.

यावरून या विषयांतील मुख्य सूत्र हातीं येतें. घट्ट झालेला एपॉक्सी नाहींसा करण्याच्या मागें लागावयाचें नसतें; त्याची पृष्ठभागावरील पकड ढिली करावयाची असते. आणि पकड ढिली करण्याचा उपाय कोणता, हें गोंदापेक्षां खालच्या पृष्ठभागावर अधिक अवलंबून असतें. दगडाला जें मानवतें तें लांकडाला मानवत नाहीं, आणि कांचेला जें चालतें तें प्लॅस्टिकला चालत नाहीं.

तथापि उपायाला हात घालण्यापूर्वीं गोंद खरोखर एपॉक्सीच आहे ना, याची खात्री करावी. एकाच बारीक नळींतून थेंबाथेंबानें येणारा आणि क्षणार्धांत चिकटणारा फेव्हिक्विकसारखा गोंद निराळ्या कुळाचा आहे. त्याच्या साखळ्या एकमेकींना जाळ्यासारख्या बांधलेल्या नसतात. म्हणून तो अॅसिटोननें मऊ होऊन सुटतो. पांढरा गोंद गरम पाण्याच्या फडक्यानें सुटतो. जो गोंद दोन भाग मिसळून किंवा मळून लावला होता, त्याच्यासाठींच पुढील विवेचन आहे.

एपॉक्सी घट्ट होण्याच्या ओघांत तीन अवस्था येतात, आणि पहिल्या दोन अवस्थांत काम फार सोपें असतें. प्रथम तो मधासारखा ओला असतो. या वेळीं कोरड्या कागदानें टिपून घेऊन नंतर अॅसिटोनच्या किंवा स्पिरिटच्या बोळ्यानें कठीण पृष्ठभाग पुसून घेतला म्हणजे मागमूसहि राहत नाहीं. पुढें तो रबरासारखा होतो; हाताला चिकटत नाहीं, पण नख रुतवलें तर खूण उमटते. सांध्याबाहेर आलेला गोंद धारदार पात्यानें कापून काढण्याची हीच उत्तम वेळ. कुशल कारागीर ओला गोंद फांसून सर्वत्र पसरविण्यापेक्षां या क्षणाची वाट पाहतात. ही अवस्था झटपट गोंदांत कांहीं मिनिटांत आणि सावकाश गोंदांत कांहीं तासांत येते. उरलेलें मिश्रण कागदाच्या तुकड्यावर ठेवून तें मधून मधून नखानें तपासलें, तर ती वेळ बरोबर कळते. तिसरी अवस्था पूर्ण कडकपणाची. बहुतेक सर्व अडचण हिचीच असते.

या तिसऱ्या अवस्थेंत पहिलें साधन उष्णता. एपॉक्सी वितळत नाहीं हें खरें. परंतु घरांत नेहमींच्या हवेंत घट्ट झालेला एपॉक्सी साधारणतः ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आपला कांचेसारखा कडकपणा सोडूं लागतो आणि चामड्यासारखा होतो. या स्थितींत त्याची पकड पुष्कळ कमी होते. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा कांहीं मिनिटें एकाच जागीं धरली, अथवा कढत पाण्यांत बुडवून पिळलेलें फडकें चिमट्यानें उचलून डागावर वारंवार ठेवलें, तरी एवढी उष्णता मिळते. डाग तापला म्हणजे प्लॅस्टिकच्या किंवा लांकडाच्या चपट्या पट्टीनें त्याची एक कड उचलावी आणि तेथून हळूहळू आंत जावें. थंड झाला कीं गोंद पुन्हां पहिल्यासारखा कडक होतो. म्हणून उचलण्याचें काम गरम असतांनाच झालें पाहिजे. उष्णतेलाहि मर्यादा आहे. रंग काढण्यासाठीं कारागीर जें तप्त हवेचें यंत्र वापरतात, तें हवा ५०० अंशांपर्यंत तापवूं शकतें. इतक्या उष्णतेनें एपॉक्सी करपून त्याचा विषारी धूर होतो. मेणबत्ती, गॅसची ज्योत, तापविलेली सुरी हीं साधनें याच कारणानें वर्ज्य मानावीं. धूर किंवा करपट वास येऊं लागणें म्हणजे उष्णता प्रमाणाबाहेर गेल्याची सूचना होय.

दुसरें साधन थंडी. तापमान बदललें म्हणजे एपॉक्सी पोलादाच्या सुमारें चौपट ते पांचपट आकुंचन-प्रसरण पावतो. गोंद लागलेली लहानशी धातूची वस्तु शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत कांहीं तास ठेवली, तर गोंद वस्तूपेक्षां अधिक आखडतो आणि ठिसूळहि होतो. दोहोंच्या मध्यें ताण उत्पन्न होऊन पुष्कळदां हलक्या आघातानें तुकडा उडून येतो. एम्-सीलमध्यें खनिजाची पूड मिसळलेली असल्यामुळें त्याचें आकुंचन कमी असतें आणि हा उपाय त्यावर तितकासा लागू पडत नाहीं. तुकडा उडण्याचा संभव असल्यानें डोळ्यांवर चष्मा असावा.

तिसरें साधन अॅसिटोन. नखांचा रंग काढण्याच्या कांहीं द्रवांत हेंच असतें. तें घट्ट एपॉक्सीला विरघळवीत नाहीं. परंतु बराच वेळ भिजत ठेवलें तर जाळ्यांत शिरून त्याला किंचित् फुगवितें आणि वरचा पातळ थर मऊ करतें. कापसाचा भिजवलेला बोळा डागावर ठेवून, वरून पॉलिथीनचा तुकडा झांकून, अर्धा-पाऊण तास तसाच राहूं द्यावा आणि मग खरवडावें; जाड थराला हें अनेकदां करावें लागतें. अॅसिटोन ५६ अंशांना उकळतें, आणि त्याची वाफ शून्याखालीं सुमारें २० अंशांवरहि ठिणगीनें पेट घेऊं शकते. म्हणून स्वयंपाकघरांत गॅस पेटलेला असतांना, देवाजवळ निरांजन तेवत असतांना, अथवा त्याच डागावर गरम हवा सोडतांना अॅसिटोन कदापि वापरूं नये. उष्णता आणि अॅसिटोन या दोहोंपैकीं एका वेळीं एकच उपाय योजावा, आणि खिडक्या उघड्या असाव्या.

आतां निरनिराळ्या पृष्ठभागांचा विचार करूं. कांच आणि झिलईची टाइल हीं सर्वांत सोपीं. साबणाच्या पाण्यानें भिजवून, नवें ब्लेड जवळजवळ आडवें धरून सारलें असतां गोंदाचा पापुद्रा निघतो. कांचेवर एकदम कढत पाणी मात्र ओतूं नये, ती तडकते. चष्म्याचीं भिंगें बहुधा कांचेचीं नसून प्लॅस्टिकचीं असतात आणि त्यांवर नाजूक लेप असतो. त्यांना ब्लेडहि नको आणि अॅसिटोनहि नको.

स्टीलच्या भांड्याला कढत पाण्यांत बुडवून ठेवणें हा उत्तम उपाय, कारण धातु उष्णता लवकर पोंचवितो. नळाच्या तोटीवर क्रोमियमचा पातळ मुलामा असतो. तेथें पोलादी पातें किंवा घांसकागद लावला तर ओरखडे कायमचे राहतात. गरम फडकें आणि प्लॅस्टिकची पट्टी यांवरच तेथें भिस्त ठेवावी.

कडाप्प्याच्या ओट्याविषयीं विशेष सावधगिरी हवी. कडाप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. संगमरवर आणि मोझॅकमधील त्याचे तुकडे हेहि त्याच गोत्रांतले. लिंबू, व्हिनेगर, किंवा संडास धुण्याचें अॅसिड त्यांवर पडलें कीं तत्काळ क्रिया होऊन दगडच झिजतो आणि झिलई जाऊन पांढुरका डाग पडतो. घट्ट एपॉक्सीवर मात्र घरगुती आम्लांचा कांहींहि परिणाम दिसत नाहीं. म्हणजे काढावयाचा गोंद जागच्या जागीं आणि राखावयाचा दगड गेला, असा उलटा न्याय घडतो. अशा ओट्यावर गरम फडकें, मग प्लॅस्टिकची पट्टी, आणि शेवटीं थोडें अॅसिटोन हाच क्रम ठेवावा. याहून मोठा धोका असा कीं, एका अॅसिडनें काम झालें नाहीं म्हणून त्यावर कपडे शुभ्र करण्याचें द्रव किंवा ब्लीचिंग पावडर टाकण्याचा मोह होतो. या दोहोंच्या संयोगानें क्लोरीन वायु निघतो. लहानशा मोरींत तो फुप्फुसाला गंभीर इजा करूं शकतो.

लांकडाच्या बाबतींत अपेक्षा थोडी ठेवणें शहाणपणाचें. ओला गोंद लांकडाच्या छिद्रांत शिरून तेथेंच घट्ट झालेला असतो. जोरानें ओढला तर लांकडाचे तंतूच उपटून येतात. वरचा गोळा उष्णतेनें मऊ करून तीक्ष्ण पटाशीनें तासावा आणि उरलेला पातळ थर बारीक घांसकागदानें हळूहळू उतरवावा. जुन्या सागवानी सामानावरील चपड्याचें पॉलिश स्पिरिटमध्यें विरघळतें, आणि इतर वार्निशें व रंग बहुधा अॅसिटोननें खराब होतात; म्हणून पॉलिश राखावयाचें असेल तर या द्रवांपैकीं कोणतेंहि वापरूं नये. घांसतांना उडणारी धूळ श्वासांत जाऊं नये यासाठीं नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी.

प्लॅस्टिकमध्यें दोन तऱ्हा आढळतात. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे बादल्या, डबे आणि पिशव्या ज्यांच्या होतात तीं, यांना एपॉक्सी नीट चिकटतच नाहीं. वस्तु थोडी वांकविली कीं खपली सुटते. दुरुस्ती करतांना खालीं पॉलिथीनची पिशवी अंथरावी ती यासाठींच. उलट रेडिओ-दूरदर्शनच्या पेट्यांचें कडक प्लॅस्टिक, अॅक्रिलिक आणि पॉलिस्टिरीन यांना तो घट्ट धरतो, आणि अॅसिटोन लावलें तर गोंदाआधीं प्लॅस्टिकच विरघळतें किंवा तडकतें. तेथें सौम्य ऊब आणि नख यांपलीकडे जाऊं नये. कापडावर घट्ट झालेला थेंब निघत नाहीं. तो धाग्याधाग्यांत मुरलेला असतो.

बाजारांत रंग काढण्याचीं अतिशय तीव्र द्रवें मिळतात आणि त्यांपैकीं कांहींनीं एपॉक्सीहि फुगून सुटतो. अशा द्रवांत दीर्घकाळ मुख्यत्वें डायक्लोरोमीथेन असे. त्याचा प्रताप पुढील हकीकतीवरून कळेल. २००० ते २०११ या काळांत अमेरिकेंत न्हाणीघरांतील टबांवरचा जुना लेप अशा द्रवानें काढतांना १३ कामगार मृत्यु पावल्याची नोंद तेथील सरकारी आरोग्य-संस्थांनीं केली. याची वाफ हवेपेक्षां जड असल्यानें बंद न्हाणींत ती खालीं सांचून राहते. वांकून काम करणारा माणूस तीच श्वासांत घेतो, त्याला गुंगी येते आणि तो जागींच कोसळतो. शिवाय शरीरांत तिच्या कांहीं अंशाचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेनें २०१९ मध्यें घरगुती ग्राहकांना रंग काढण्यासाठीं हें द्रव विकण्यास बंदी केली, आणि २०२४ मध्यें ती बंदी आणखी व्यापक केली. ओट्यावरच्या एका डागासाठीं असा पदार्थ घरांत आणण्याचें कांहींच कारण नाहीं. डब्यावर हें नांव दिसलें तर तो डबा परत ठेवावा.

शेवटीं हाताविषयीं. ओला गोंद बोटांना लागला तर तो प्रथम कागदानें पुसून साबण आणि कोमट पाण्यानें धुवावा. अॅसिटोननें हात पुसण्याची संवय पुष्कळांना असते. पण तें द्रव कातडीवरील स्निग्धता काढून टाकतें आणि ओल्या राळेला आंत शिरावयास वाट करून देतें. ओल्या एपॉक्सीच्या वारंवार संपर्कानें कांहीं माणसांच्या कातडीला त्याचें वांकडें पडतें. मग पुढें यत्किंचित् स्पर्शानेंहि खाज आणि पुरळ उठतें, आणि हा दोष बहुधा जन्मभर राहतो. म्हणून काम सुरू करतांनाच हातमोजे घालावे. कातडीवर गोंद घट्ट झालाच असेल तर तो ब्लेडनें किंवा दगडानें घांसूं नये. तेल चोळून, साबणानें धुवून वाट पाहावी. वरची कातडी झडते तशी खपलीहि कांहीं दिवसांत आपोआप गळून पडते. ओला गोंद डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरकडे जावें.

सारांश, घट्ट एपॉक्सी काढतांना आरंभ नेहमीं सर्वांत सौम्य उपायापासून करावा, आणि तोहि वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावा: आधीं ऊब, मग पट्टी, मग धातु, कांच किंवा दगड असेल तरच अॅसिटोन. प्रत्येक पायरीनंतर खालचा पृष्ठभाग न्याहाळावा. तेथें बदल दिसूं लागला कीं तेथेंच थांबावें. कारण गोंदाचा एखादा थेंब राहिला तरी वस्तूचें कांहीं बिघडत नाहीं, पण गेलेली झिलई परत येत नाहीं. आजीच्या पेटीच्या कोपऱ्यावर वाटाण्याएवढी खपली राहिली, तर ती पेटी त्या खपलीसकट पुढच्या पिढीला देतां येते. पॉलिश जळालेली, तंतु उपटलेली पेटी तशी देतां येत नाहीं. पुढच्या वेळीं सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून घेतली आणि गोंद रबरासारखा होतांच ती ओढून काढली, तर हें सारें विवेचन उपयोगांत आणण्याची वेळच येणार नाहीं.